विश्लेषण : कार्बन तंतू कचऱ्यातून सुटेल, पण अखंड सुटेल का?

बोईंग ७८७ विमानाच्या वजनातला जवळपास निम्मा वाटा संमिश्र पदार्थांचा आहे. आपल्या ‘तेजस’मध्येही तो सुमारे ४५ टक्के आहे. या पदार्थांत मुख्य असतो तो इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेला कार्बन तंतू. ७८७ची प्रवासी सेवा २०११मध्ये सुरू झाली. म्हणजे ही विमाने मोठ्या संख्येने मोडीत निघण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत. त्यांचे करायचे काय?

अडचण नेमकी कुठे?

इपॉक्सी एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. प्लास्टिकची जुनी बादली वितळवून नवी वस्तू करता येते, तशी सोय इथे नाही. जाळून टाकावे, तर सुटलेले बारीक तंतू वीजवाहक असतात आणि धूर गाळणाऱ्या विद्युत यंत्रणेत शॉर्टसर्किट करू शकतात. पुरून टाकणे तर शुद्ध उधळपट्टी. हा तंतू करताना पॉलीअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा धागा आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर भाजतात, मग ऑक्सिजनविना हजार अंशांच्या वर तापवतात. या प्रक्रियेत धाग्याचे साधारण निम्मे वजन उडून जाते. एवढी ऊर्जा खाल्लेला माल मातीआड का करायचा?

आज प्रचलित असलेला मार्ग म्हणजे कमी ऑक्सिजनच्या भट्टीत रेझिन जाळणे. त्यात तंतू मिळतो, पण त्यावर काजळी राहते, ताकद घटते आणि कचरा आधीच तुकडे करून घातलेला असल्याने तंतूही आखूड होतो.

विजेचा उपाय काय आहे?

जपानच्या असाही कासेई कंपनीने किताक्युशूचे राष्ट्रीय तंत्रज्ञान महाविद्यालय आणि टोकियो विज्ञान विद्यापीठ यांच्यासोबतचे काम जाहीर केले. सल्फ्युरिक आम्लातून वीज सोडली की त्यात परसल्फेटसारखी तीव्र ऑक्सिडीकारके तयार होतात. गरम आम्लात ती रेझिनचे बंध तोडतात, तंतू मागे उरतो. वापरलेली ऑक्सिडीकारके पुन्हा सल्फेट होतात आणि विजेने पुन्हा सज्ज करता येतात. म्हणजे खर्च होते ती मुख्यतः वीज, आम्ल नव्हे. कंपनीचा दावा असा की तंतू अखंड धाग्याच्या रूपात, ताकद न गमावता मिळतो.

या दाव्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा शब्द ‘अखंड’ हा आहे. आखूड तंतू फार तर पेटीच्या झाकणात किंवा गाडीच्या आतल्या भागात जातो. लांब धागा पुन्हा भार पेलणाऱ्या भागात वापरता येतो. तंतू वाचवला पण लांबी गमावली, तर भाव निम्मा गेलाच.

तोल मात्र नाजूक आहे. तंतू स्वतःही कार्बनच. ऑक्सिडीकरण थोडे जास्त झाले की तोही खंगतो. (नव्या तंतूलाही कारखान्यात विजेच्या हलक्या स्नानातून नेतात, कारण पृष्ठभागावर आलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिन चांगले चिकटते. म्हणजे औषध तेच, प्रश्न मात्रेचा.) शिवाय रेझिनमधला कार्बन शेवटी बहुतांशी कार्बन डायऑक्साइड म्हणून हवेत जातो. तीव्र, गरम आम्ल हाताळणे, तंतू धुतल्यानंतरचे पाणी आणि आम्लात साचणारी अशुद्धी यांचा हिशेब उघड होईपर्यंत या पद्धतीला ‘हरित’ म्हणण्याची घाई नको. वीज कोळशाची असेल, तर त्याहून नको.

आपल्याकडे सुरुवात कुठून?

साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरील जुन्या पवनचक्क्यांची उदाहरणे लगेच दिली जातील. पण तशा जुन्या पात्यांत प्रामुख्याने स्वस्त काचतंतू असतो; त्यासाठी एवढी वीज जाळणे परवडणारे नाही. खरा माल विमानभाग आणि क्रीडासाहित्य करणाऱ्या कारखान्यांतल्या कापलेल्या तुकड्यांत आहे. तो स्वच्छ असतो, कोणता तंतू आणि कोणते रेझिन हे ठाऊक असते आणि तो आज, एकाच जागी मिळतो. मोडीत निघालेल्या विमानाच्या बाबतीत हीच माहिती शोधत बसावे लागते. म्हणून प्रत्येक भागासोबत त्याच्या तंतू व रेझिनची नोंद ठेवण्याची सक्ती आताच करावी, यंत्रणा येईल तेव्हा येवो. वीस वर्षांनी प्रयोगशाळा तयार असेल आणि भंगारवाल्याला आपण काय कापतो आहोत हेच माहीत नसेल, अशी वेळ आणायची नसेल तर एवढे काम कागदावरच होऊ शकते.