पेट्रोल भरताना अडते, भरल्यावर गाडी थरथरते



या सदरात एरवी धान, तुडतुडे, खोडकिडा आणि खताची मात्रा यांच्याच गोष्टी असतात. परंतु अलीकडे गावात बैठक संपली, की कोणी तरी हळूच बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, जरा गाडीकडे पाहता का?" आपल्या गोंदिया जिल्ह्यात आता गावोगावी एखाददुसरी जुनी पेट्रोल गाडी आली आहे. शहरातील कोणी नोकरदाराने दहा-बारा वर्षे वापरून विकलेली. शेतकऱ्याने ती हौसेने घेतलेली नसते. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची, साप चावलेला माणूस न्यायचा, तर त्या वेळी एस.टी. नसते. म्हणून या गाडीचे दुखणे ते घराचेच दुखणे होय.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका घरची हकीकत सांगतो. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गोंदियाला न्यावे लागे. गाडी पंधरा वर्षांची, इंजेक्शनची. तिच्या तक्रारी दोन. पंपावर नोझल लावले, की दर अर्ध्या लिटरला ते खट् करून बंद होई. आणि पेट्रोल भरून निघाले, की पहिली दहा मिनिटे गाडी उभ्या जागी थरथरे, रेल्वे फाटकावर थांबली की बंद पडे. गॅरेजमध्ये प्लग बदलले, मग कॉइल बदलली. शेवटी टाकी व तिच्यातील पंप दोन्ही बदला, असा सल्ला मिळाला. धानाच्या बोनसची रक्कम त्यात घालावी, की मुलीच्या फीसाठी ठेवावी, यावर घरात बोलाचाली चालू होती. गाडी विकावी असेही निघाले. पण मग बाबांना नेणार कशात?

तेवढ्यात घरातली सून म्हणाली, "साहेब, पेट्रोल भरले त्याच दिवशी ही अशी करते. एरवी नाही करत." दोन महिन्यांत गाडीविषयी एवढे कामाचे कोणी बोलले नव्हते!

त्याचे कारण समजून घ्या. अरुंद तोंडाच्या सुरईत भसकन पाणी ओतले, तर आतली हवा बाहेर यायला वाट नसल्याने पाणी उसळते. टाकीचेही तसेच आहे. म्हणून भरण्याच्या जाड नळीच्या शेजारून एक बारीक नळी टाकीतून वर तोंडाशी येते. पेट्रोल जाड नळीने खाली जाते, हवा बारीक नळीने वर येते. ही बारीक नळी दबली, फुगली किंवा गाळाने भरली, की पेट्रोल तोंडाशीच तुंबते. नोझलच्या टोकाजवळ एक छोटे छिद्र असते. त्यावर पेट्रोल चढले, की टाकी भरली असे समजून नोझल आपोआप बंद होते. दोष पंपावरच्या पोराचा नसतो आणि नोझलचाही नसतो.

आता पुढची गंमत पाहा. नोझल सारखे बंद होते, म्हणून टाकी खरोखर कधी भरली ते कळत नाही. मग गळ्यापर्यंत पेट्रोल थेंबथेंब कोंबले जाते. टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून या गाड्यांत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. हा कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन तापून गाडी रस्त्याला लागली, की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नव्हे. गळ्यापर्यंत भरलेले पेट्रोल त्यात शिरले, की कोळसा भिजतो. त्यातच व्हॉल्व्ह घाण अडकून अर्धवट उघडा राहिला असेल, तर गाडी उभी असतानाही इंजिन ती जड वाफ ओढत राहते, हवेचे व पेट्रोलचे प्रमाण बिघडते आणि गाडी थरथरते. थोड्या वेळाने वाफ ओसरली, की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

म्हणजे दोन तक्रारी, पण मूळ एक. त्या गाडीचे मागच्या चाकाजवळचे पोचे काढताना बारीक नळी पत्र्याखाली चेपली गेली होती. नळी बदलली, व्हॉल्व्ह नवा घातला, डबा तपासला. टाकीला हात लावावा लागला नाही.

व्हॉल्व्हची परीक्षा कोणताही जाणता मिस्त्री करू शकेल. इंजिन थंड असताना डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून काढावी, गाडी चालू करून त्या तोंडावर बोट ठेवावे. स्लो रनिंगला बोट ओढले जात असेल, तर व्हॉल्व्ह मिटत नाही. हे काम उघड्यावर करावे, आणि बिडीवाल्याला दूर बसवावे.

गाडी भरल्याच्या दिवशीच नव्हे, तर रोजच थरथरत असेल, तर मात्र कारण दुसरे. राइस मिलच्या आणि चुरणीच्या धुळीने एअर फिल्टर गच्च भरतो, तो आधी पाहावा. मग प्लग, मग इंजिनाच्या तोंडाशी साचलेली काजळी, मग रबरी नळ्या. सुरुवातीच्या मारुती ८००, पद्मिनी, अँबेसिडर या कार्बोरेटरच्या गाड्यांत स्लो जेटमध्ये कचरा अडकतो. तेथे स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा कार्बोरेटर उघडून साफ करणे बरे.

रोवणीच्या दिवसांत दीड-दोन महिने गाडी तणसाच्या ढिगाशेजारी उभी राहते. उंदीर नळ्या व वायरी कुरतडतात. मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी कोळशाच्या डब्याची हवेची नळी लिंपून टाकते. मग टाकीत हवा शिरत नाही, आणि गाडी काही अंतर चालून गुदमरते. अशा वेळी टाकीचे झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. ही खूण लक्षात ठेवा.

आणखी एक. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. उसापासून, मक्यापासून आणि आपल्या तांदळाच्या कणीपासूनही ते होते, तेव्हा त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढते. पाणी जास्त झाले, की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. जुन्या टाकीतला साचलेला मळ सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि जुने रबर फुगते किंवा चिरते. म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या रिकाम्या टाकीने महिनोन्‌महिने उभी करू नये, आणि रबरी नळ्या वर्षातून एकदा दाबून पाहाव्यात. चिकट किंवा चिरलेली नळी लगेच बदलावी. पंपावर पहिल्या खट्‌ला थांबावे. आकडा शंभराने पुरा करण्यासाठी वरून ओतू देऊ नये.

शेवटची गोष्ट घरातील बायकांनी कानी घ्यावी, कारण पुरुषमंडळी ऐकत नाहीत. फवारणी पंपासाठी गाडीतून पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढण्याची सवय गावात सर्रास आहे. थोडेसे पेट्रोल फुप्फुसात गेले, तरी जिवावर बेतते. चार-पाचशे रुपयांच्या आत हातपंप मिळतो, तो आणून ठेवावा. कोणाच्या पोटात पेट्रोल गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. पेट्रोल सांडलेले कपडे काढावेत आणि माणसाला तसेच दवाखान्यात न्यावे.