परक्या देशाची प्रश्नपत्रिका

मागल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक परीक्षा झाली. परीक्षार्थी दोन, आमचा पुतण्या व त्याची पत्नी; परीक्षक मात्र सातासमुद्रांपलीकडील सरकार. प्रश्न २०, वेळ ९० मिनिटें, आणि उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७५ गुण. ज्याचीं छत्तीस वर्षें प्रश्नपत्रिका काढण्यांत व तपासण्यांत गेलीं त्या आमच्यासारख्या मास्तराचें कुतूहल अशा वेळीं जागें न होतें तरच नवल. परीक्षेचा विषय गणित नव्हे, यंत्रशास्त्र नव्हे. त्या देशच्या लोकांचीं मूल्यें कोणतीं, हा विषय!

वाचकांस थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आमचा हा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनीयर आहे. पहांटे कंपनीची बस चिंचवडास येते, ती त्याला घेऊन जाते व दिवेलागणीनंतर केव्हां तरी परत आणून सोडते. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत जाऊन स्थायिक व्हावें असें गेल्या कांहीं वर्षांपासून त्याच्या मनानें घेतलें आहे. त्यासाठीं तो दर रविवारीं पुण्यास जाऊन फ्रेंच शिकतो. कारण क्वेबेकची (तेथील लोक 'केबेक' म्हणतात) राजभाषा इंग्रजी नसून फ्रेंच आहे. सभोंवार सारें उत्तर अमेरिका खंड इंग्रजी बोलणारें, आणि मध्यें हे सुमारें ९० लक्ष लोक फ्रेंच धरून बसलेले. आमच्या एकट्या पुणें जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतींत ९४ लक्ष होती, यावरून प्रमाणाची कल्पना येईल. १७५९ सालीं इंग्रजांनीं त्यांचा पराभव केला, १७६३ च्या तहानें तो मुलूख फ्रान्सच्या हातून कायमचा गेला. या दोन सालांच्या मधोमध आमचें पानिपत येतें. आम्ही पानिपताचें नांव म्हणींत घालून मोकळे झालों. त्या लोकांनीं 'मला स्मरण आहे' अशा अर्थाचें आपलें ब्रीदवाक्य १९७८ पासून मोटारींच्या नंबराच्या पाटीवरच कोरून ठेविलें आहे.

प्रांत असूनहि परदेशांत स्वतःच्या नांवानें उभें राहण्याची या लोकांस मोठी हौस. १९६१ सालीं त्यांनीं पॅरिसास आपली कचेरी उघडली. त्यांचें एक कार्यालय आपल्या मुंबईंतहि आहे. कॅनडा सरकाराशीं १९९१ त झालेल्या करारान्वयें, उद्योगधंद्यासाठीं येणारीं माणसें निवडण्याचा अधिकारहि त्यांनीं स्वतःकडे घेतला. आणि २०२० च्या जानेवारीपासून असा नियम केला कीं, अशा उमेदवारानें, व त्याच्याबरोबर जाणाऱ्या प्रौढ कुटुंबीयांनीं, क्वेबेकचीं मूल्यें आपणांस ठाऊक असल्याचा दाखला मिळविला पाहिजे. त्यांनीं पांच गोष्टी नेमून दिल्या आहेत: समाजाची भाषा फ्रेंच आहे, राज्य लोकशाहीचें आहे, स्त्री व पुरुष समान आहेत, प्रत्येकास हक्क आहेत तशींच कर्तव्येंहि आहेत, आणि राज्यास धर्म नाहीं. अभ्यासासाठीं सरकारी पुस्तकहि आहे. तें सूनबाईंनीं आम्हांस वाचून दाखविलें.

आम्हांस प्रथम हंसूं आलें. मूल्यें कोणी प्रश्नपत्रिकेंत विचारतें काय? आमच्या वर्गांत एका मुलानें 'सत्य' या विषयावर असा निबंध लिहिला होता कीं, वर्गास वाचून दाखवावा, दाखविलाहि. पुढें कळलें कीं तो त्याच्या थोरल्या बहिणीच्या वहींतला होता. पुस्तकांत जें छापलें आहे तें परीक्षेपुरतें 'होय' म्हणण्यास कोणाचें काय जातें? सरकारी नोकरींत नसलेल्या गरोदर स्त्रीस केवळ ती गरोदर आहे म्हणून नोकरी नाकारणें योग्य कीं अयोग्य, विवाह कोणाकोणाचा होऊं शकतो, अशा मासल्याचे प्रश्न. त्या विवाहाच्या प्रश्नाचें तेथील कायद्याप्रमाणें उत्तर असें कीं दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचाहि होतो. आमच्या कुटुंबानें भाजी निवडतां निवडतां तें ऐकलें, क्षणभर थांबून "बरं, पुढचा?" म्हणाली, आणि पुन्हां भाजीकडे वळली.

परंतु पुस्तक बाजूला ठेवून त्या प्रांताचा इतिहास थोडा चाळला, तेव्हां आमचें हंसूं मावळलें. यादी वाचतांना असें वाटतें कीं हीं मूल्यें त्या लोकांजवळ नेहमींचीच असावींत. वस्तुस्थिति निराळी आहे. प्रांताच्या निवडणुकींत स्त्रियांना मत मिळालें तें १९४० सालीं. आमच्या मुंबई इलाख्यांत, मालमत्तेच्या अटीवर कां होईना, तें १९२१ सालींच मिळालें होतें. विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या संमतीवांचून करारमदार करण्याची मोकळीक तेथें झाली १९६४ सालीं. तो कायदा आणणारी मारी-क्लेअर किर्कलंड ही तेथील विधिमंडळावर निवडून आलेली पहिली स्त्री. ती आली १९६१ सालीं. अण्णासाहेब कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला १८९६ त, आणि महिला विद्यापीठ १९१६ त! मग पाठ्यपुस्तक मात्र त्यांचें व परीक्षार्थी आम्ही, हें कसें?

धर्माचीहि तीच कथा. शाळा, इस्पितळें, अनाथगृहें हा सारा कारभार तेथें पिढ्यान् पिढ्या बव्हंशीं पाद्र्यांच्या व जोगिणींच्या हातीं होता. स्वतंत्र शिक्षणखातें निघालें तें १९६४ त. शाळामंडळें तर १९९८ पर्यंत कॅथोलिक व प्रॉटेस्टंट अशीं वांटलेलीं होतीं. विधिमंडळाच्या सभागृहांत अध्यक्षांच्या डोक्यावर १९३६ सालीं टांगलेला क्रूस उतरला तो २०१९ त. ज्या घरांत दर पिढीस एक तरी मुलगा पाद्री व्हावयाचा त्याच घरांतील नातू आज आपल्या राज्यास धर्म नाहीं असें परदेशीयांस पढवितो. हें ढोंग म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नुकतें सोंवळें नेसलेला माणूस जसा पदोपदीं 'शिवूं नका' म्हणतो, तसा नुकतें कांहीं मिळविलेला समाज तें दारावर लिहून ठेवतो. ज्याला तें गमावण्याचें भय असतें तोच लिहितो.

भाषेची बाब तर आम्हांस फारच झोंबली. १९७७ च्या कायद्यानें तेथें नव्यानें वस्तीस येणाऱ्यांच्या मुलांस, कांहीं अपवाद सोडल्यास, सरकारी शाळेंत फ्रेंच माध्यमच घ्यावें लागतें. दुकानांवरील पाट्याहि त्याच कायद्यानें केवळ फ्रेंच केल्या. १९८८ त सर्वोच्च न्यायालयानें तें कलम मोडलें, आणि १९९३ पासून इतर भाषा चालतात, परंतु फ्रेंच अक्षर ठळक असलें पाहिजे. आपल्याकडील २०२२ चा मराठी पाट्यांचा कायदा याच चालीचा आहे. त्यासहि २०२३ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. पाट्यांचें असो. आमच्या मनांत राहिली ती शाळा.

तीन वर्षांपूर्वीं याच पुतण्याच्या मुलास शाळेंत घालण्याची वेळ आली, तेव्हां मराठी शाळेचा विषय आम्हीं काढला होता. पुतण्या नम्रपणें म्हणाला, "नाना, मराठींत शिकून तो जाणार कोठें?" मुलगा इंग्रजी शाळेंत गेला. परवां आम्हीं सहज विचारलें, "आतां त्याला तेथें फ्रेंचमध्यें सारें पुन्हां शिकावें लागेल, त्याचें काय?" त्यावर पुतण्या म्हणाला, "तेथें कायदाच आहे, नाना. सगळे शिकतात. दोन वर्षांत फडाफडा बोलूं लागेल." आम्ही गप्प बसलों. मराठी मातृभाषा म्हणून सांगणारे २०११ च्या शिरगणतींत ८ कोटींहून अधिक होते. पुतण्या खोटें बोलत नव्हता, उद्धटपणेंहि बोलत नव्हता. त्यालाहि तें बोलल्यावर उमगलें असावें, कारण तो उगीचच पाणी प्यावयास उठला.

खरा पेंच मात्र पुढेंच होता. आमची सून निगडीच्या एका शाळेंत शास्त्र शिकविते, आणि तेथेंहि शिकविण्याचीच तिची इच्छा आहे. २०१९ च्या जूनमध्यें क्वेबेकनें असा कायदा केला कीं सरकारी वकील, पोलीस आणि सरकारी शाळांतील शिक्षक यांनीं कामावर असतांना धर्माचें चिन्ह अंगावर बाळगूं नये. आधींपासून नोकरींत असलेल्या शिक्षकांस त्याच जागीं असेपर्यंत सूट. चिन्ह कशास म्हणावें? श्रद्धेनें धारण केलेलें, किंवा पाहणारास ज्यावरून धर्म समजेल असें वस्त्र, दागिना, आभूषण, कांहींहि. २०२१ च्या डिसेंबरांत चेल्सी नांवाच्या गांवीं एका शिक्षिकेस डोक्यावरील वस्त्रापायीं वर्गांतून काढून दुसरें काम दिलें, यावरून मोठा गवगवा झाला. या कायद्यावरील तंटा ऐकून घेण्याचें कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या जानेवारींत मान्य केलें.

मग मंगळसूत्र हें धर्माचें चिन्ह कीं विवाहाचें? त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर याचा खल झाला. पुतण्याचें मत, त्यांच्याकडील विवाहाच्या अंगठीसारखेंच तें. आमचे धाकटे बंधु म्हणाले, "सप्तपदी धर्मविधि आहे, मग सूत्र कसें नव्हे?" आम्हीं गृह्यसूत्रांचा आधार शोधावयास घेतला, आणि पंचाईत झाली, कारण पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हें सारें तेथें आहे, आजच्या मंगळसूत्राचा विधि मात्र आम्हांस सांपडेना. तेव्हां शास्त्रतः तें चिन्ह नव्हे असें म्हणण्यास वाव होता. आम्ही मोठ्या आनंदानें हा निर्णय सांगणार, तोंच सूनबाई म्हणाली, "नाना, शास्त्र काय म्हणतें हें त्यांना कोठें विचारायचंय? मी काय म्हणून घालतें हें विचारायचंय. आणि तें मलाच नीट ठाऊक नाहीं."

त्यावर आम्हांस आमच्याच नोकरीच्या आरंभींची एक गोष्ट आठवली. आम्ही सर्व काळ गंध लावूनच वर्गांत गेलों, आणि त्यांत कांहीं विशेष आहे असें आमच्या कधीं मनांतहि आलें नाहीं. वर्गांत पिंपरीच्या कारखान्यांतील कामगारांचीं मुलें होतीं, निरनिराळ्या प्रांतांचीं व धर्मांचीं. त्यांपैकीं एक मुसलमान मुलगा चाचणीच्या दिवशीं कपाळास तांबडी रेघ ओढून आला. आम्ही चकित होऊन विचारूं लागलों तेव्हां म्हणाला, "मास्तर, गंधवाल्यांना मार्क जास्त पडतात." आम्हीं घरीं जाऊन मागील चाचणीचे कागद पुन्हां तपासले. पक्षपात केला नव्हता असें आमचें त्या वेळीं समाधान झालें. परंतु त्या मुलास तसें कां वाटावें, याचें उत्तर त्या कागदांत नव्हतें. गंध मात्र दुसऱ्या दिवशींहि लावलेंच. क्वेबेकचा कायदा आम्हांस अजूनहि कठोर वाटतो, शिक्षिकेस वर्गाबाहेर काढणें तर अन्याय्यच वाटतें. पण तो कायदा करणाराच्या मनांत असा एखादा मुलगा असेल तर त्यास आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं.

या सर्व प्रकरणांत आम्हांस एक खूळ लागलें. आमच्या गांवीं तरी रोज नवीं माणसें कां थोडीं येतात? १९५४ त पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ झालें, आणि तेव्हांपासून हा ओघ थांबलेला नाहीं. १९७० त नगरपालिका, १९८२ त महानगरपालिका. २०११ त वस्ती १७ लक्षांवर. बिहार, ओरिसा, उत्तर प्रदेश येथील मुलें चाकणच्या फाट्यावर ट्रंक घेऊन उतरतात; जर्मन व कोरियन साहेब येतात तेहि निराळे. त्यांच्या हातीं आम्ही काय देतों? खोलीचा भाडेकरार. म्हणून आम्हीं एक वही आणली व नवख्या माणसाकरितां आमचीं पांच मूल्यें लिहावयास बसलों.

पवनेकांठचें मोरया गोसावींचें समाधिमंदिर लिहिलें. चापेकरांचा वाडा लिहिला. १६६० त शायिस्तेखानाच्या फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें जवळजवळ दोन महिने लढविलेला चाकणचा संग्रामदुर्ग, ज्याच्या पडक्या तटाजवळून कारखान्यांच्या लोकांची रोज ये-जा असते, तोहि लिहिला. मग ध्यानांत आलें कीं हीं पाहण्याचीं ठिकाणें झालीं. तेव्हां तें पान फाडून पुन्हां आरंभ केला: 'येथील भाषा मराठी आहे.' हें लिहितांना इंग्रजी शाळेचा नातू शेजारींच बसला होता. दुसरें लिहिलें: 'येथें कोणासहि उपाशी परत पाठवीत नाहींत.' हें बव्हंशीं खरें आहे.

सूनबाईंनीं चहा आणला व वहींत डोकावून पाहिलें. "नाना, तिसरें काय? त्यांचें तिसरें स्त्रीपुरुष समानता आहे."

"तेंहि लिहूं कीं," आम्ही म्हणालों. "कर्व्यांपासूनचा इतिहास आहे."

"लिहा. पण गणपतींत आपल्या घरीं पहिली पंगत कोणाची असते?"

आंतून आमच्या कुटुंबाचें हंसणें ऐकूं आलें. "याला मात्र वीसच्या वीस मार्क दे गं तूं त्यांना," ती म्हणाली.

परीक्षेंत पुतण्यास १७ उत्तरें बरोबर आलीं, सूनबाईस २०. दाखले आले आहेत. निवडीचा कागद अद्याप यावयाचा आहे. मंगळसूत्राचें काय करावयाचें तें तिनें ठरविलेलें नाहीं, आणि आम्हींहि पुन्हां विचारलें नाहीं. वही कोनाड्यांत आहे. दोन पानें लिहिलेलीं, तिसरें कोरें.