उष्णतेचा उपसा आणि घराचे छप्पर

एप्रिल-मे महिन्यांचे विजेचे बिल हाती आले म्हणजे मध्यमवर्गीय घरात जी चर्चा सुरू होते, तिचा विषय बहुधा यंत्र हाच असतो. यंत्र जुने झाले काय, त्यावर तारे किती आहेत, मुलांनी ते रात्रभर चालू का ठेवले, नवे घेतल्यास पैसे किती वर्षांत वसूल होतील, असे प्रश्न निघतात. ज्या छपराखाली बसून ही चर्चा चालते, त्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, ज्या घराच्या माथ्यावर थेट ऊन पडते त्या घरात उन्हाळ्याच्या खर्चाचा विचार छपरापासून सुरू झाला पाहिजे. यंत्राची पाळी त्यानंतर यावी. व्यक्तीने हा क्रम पाळावाच, परंतु गृहनिर्माण संस्था, नगरपालिका आणि शासन यांनीही तो पाळावा, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

प्रथम यंत्राचे काम नीट समजून घेऊ. ‘वातानुकूलन’ हा शब्द आपण संस्कृतातून घडविला. तो भारदस्त आहे खरा, परंतु यंत्र काय करते ते तो सांगत नाही. थंडी नावाची कोणतीही वस्तू निसर्गात नाही. आहे ती उष्णता, आणि तिचे कमी-अधिक असणे. हे यंत्र खोलीतील उष्णता उचलते आणि भिंतीबाहेर नेऊन टाकते. विहिरीवरचा पंप पाणी खालून वर आणतो, तद्वत हे यंत्र कमी तापमानाच्या जागेतून अधिक तापमानाच्या जागेकडे उष्णता चढविते, आणि या चढावासाठीच वीज खर्च होते. अनुवाद करताना मला पुष्कळदा वाटले की, ‘उष्णता-उपसा यंत्र’ असे नाव दिले असते तर कानाला ते खडबडीत लागले असते, पण अर्धा धडा नावातच शिकवून झाला असता.

‘टन’ या मापाचीही अशीच गंमत आहे. दीड टनाचे यंत्र म्हटले की त्याचे वजन तेवढे असावे, अशी शाळकरी मुलांची समजूत होते. वास्तविक हे माप बर्फाच्या व्यापारातून आले. अमेरिकेतील एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे टनाचा आकडा उपशाची शक्ती सांगतो. उपसावयाची उष्णता आत कोठून येते, याविषयी तो मुग्ध आहे.

ती कोठून येते, याचे उत्तर आपल्या भूगोलातच आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहणाऱ्या विद्यार्थ्यांना शून्य सावलीचा दिवस परिचित असेल. मे महिन्याच्या मध्यास पुणे-मुंबईत आणि अखेरीच्या आठवड्यात नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आकाश निरभ्र असेल तर अशा वेळी आडव्या पृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ऊन पडते. दक्षिणेकडील भिंतीवर त्याच क्षणी थेट ऊन जवळजवळ नसते. पूर्व व पश्चिम भिंतींना सकाळ-संध्याकाळ वाटा मिळतो, परंतु दिवसभर तापते ते छप्पर. थंड देशांतील पुस्तकांत भिंती आणि खिडक्यांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. ती जशीच्या तशी मराठीत आणून आपले भागणार नाही.

आता एक गणित करू. विद्यार्थी वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. छपराच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एक अंश फरक असताना, जितके वॅट उष्णता पार जाते, त्या संख्येस आपण पारगम्यतांक म्हणू. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचा हा अंक सुमारे सव्वातीन असतो. खोली बारा चौरस मीटरची, आणि तापलेले छप्पर व थंड ठेवलेली खोली यांतील सरासरी फरक वीस अंश धरू. सव्वातीन गुणिले वीस गुणिले बारा, म्हणजे ७८० वॅट. एक टनाच्या यंत्राचा पाचव्या हिश्शाहून अधिक उपसा केवळ छतातून उतरणाऱ्या उष्णतेपायी खर्ची पडला. भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली, तीत छपराचा पारगम्यतांक १.२ पेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. त्या छपराखाली हाच हिशेब २८८ वॅटवर येतो. एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता उपसणारे यंत्र रोज दहा तास चालते असे मानले, तर पहिल्या खोलीत छपरापायी महिन्याला सुमारे ६७ युनिट जळतात, दुसऱ्या खोलीत सुमारे २५. खोली तीच, यंत्र तेच, माणसेही तीच. शिवाय आपल्याकडील बहुतेक राज्यांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे वाचलेली युनिटे सर्वांत महाग टप्प्यातील असतात.

हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात काँक्रीट दिवसभर उष्णता साठवून ठेवते आणि काही तासांच्या विलंबाने ती आत सोडते. म्हणूनच वरच्या मजल्यावरील लोक म्हणतात की, सूर्य मावळला तरी छत आग ओकते. रात्री आठ-नऊ वाजता बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत तापलेला स्लॅब अंगावर उष्णता टाकीत असतो. पंखा लावावा तर तो छताजवळची कढत हवाच खाली आणतो.

उपाय जुने आहेत आणि त्यांत गूढ काही नाही. चुन्याची पांढरी सफेदी ऊन परतवते. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक बसविण्याची रीत आपल्या गवंड्यांना चांगली अवगत आहे. ती पाणी अडविण्यासाठी निघाली, पण ऊनही अडवते. स्लॅबवर उष्णतारोधक थर घालून वर फरशी बसविता येते. वेलीचा मांडव किंवा साधे शेडनेट घातले तर ऊन स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. सौर पट्ट्याही सावली देतात, हा त्यांचा दुय्यम गुण फारसा कोणी मोजत नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावणे हे आतून जाड पडदा लावण्यापेक्षा चांगले, कारण काच ओलांडून आत आलेले ऊन आतच राहते. सफेदीचा दोष असा की धूळ बसली की तिचा गुण ओसरतो. ती दरवर्षी नव्याने करावी लागते. उत्तरेकडील थंडीत पांढरे छप्पर थोडी ऊबही परतवते, ही तक्रारही खरी आहे. परंतु हिवाळ्यातील सूर्य तिरपा आणि दिवस लहान असल्याने लखनौ किंवा दिल्लीतही हा तोटा उन्हाळ्यातील लाभापेक्षा पुष्कळच लहान ठरतो.

मराठवाड्यातील धाब्याची घरे या संदर्भात हटकून आठवतात. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर घातलेल्या त्या घरांत दुपारी जो गारवा असे, त्याचे वर्णन करताना आपल्याकडील लेखकांची लेखणी ओलावते. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि ही जड माळवदे यांच्याखालीच हजारो माणसे गाडली गेली, हे विसरून चालणार नाही. जुन्या घरातून घ्यावयाचे ते तत्त्व, वजन नव्हे.

हेच तत्त्व थंड प्रदेशात उलट दिशेने लागू पडते. लडाखमध्ये लेहजवळ फे येथील सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या इमारती मातीच्या जाड भिंतींच्या आणि दक्षिणेकडे काच असलेल्या आहेत. हिवाळ्यात बाहेर पाणी गोठलेले असताना त्या केवळ सूर्याच्या उष्णतेवर राहण्याजोग्या उबदार राहतात. तेथे उष्णता आत घेऊन धरून ठेवावयाची, येथे बाहेरच थोपवावयाची, एवढाच काय तो भेद.

आता ताऱ्यांविषयी. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ साली सुरू केलेली तारांकनाची योजना उपयुक्त आहे, यात शंका नाही. खोलीच्या वातानुकूलन यंत्रांवर तारांकनपत्र २०१० पासून आणि छताच्या पंख्यांवर २०२३ पासून सक्तीचे आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज चौदा तास चालणाऱ्या एका पंख्यात महिन्याला सुमारे १९ युनिट वाचतात, आणि पंखा चालू असला म्हणजे यंत्र दोन-तीन अंश वर ठेवूनही चैन पडते. यंत्रावरील पत्रकात वर्षभराचा वीजखर्च छापलेला असतो, तो १,६०० तासांचा वापर व ठरावीक परिस्थिती गृहीत धरून काढलेला असतो. पाच ताऱ्यांचे यंत्र तापलेल्या स्लॅबखाली बसविले तर ते आपले काम प्रामाणिकपणे करील, पण गळक्या होडीतून पाणी उपसणाऱ्या माणसासारखे. भोक बुजविल्यावर उपसणारा लहान पुरतो. दीड टनाऐवजी एक टनाचे यंत्र चालेल काय, हा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी विचारावयाचा असतो. विक्रेता तो विचारणार नाही. यंत्राला तारे सक्तीचे झाले, घराला तशी सक्ती नाही. सदनिका विकत घेणाऱ्यास छपराचा पारगम्यतांक सांगण्याचे बंधन बिल्डरवर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिल एकाने भरावयाचे आणि स्लॅब दुसऱ्याने ओतावयाचा, अशी स्थिती असेपर्यंत ओतणाऱ्यास काळजी कशाची?

हाच पेच गृहनिर्माण संस्थांत घरोघरी दिसतो. गच्ची सर्वांची, तापतो मात्र सर्वांत वरचा मजला. वरच्या सदनिकाधारकाने वार्षिक सभेत सफेदीची गोष्ट काढली की, ‘खर्च तुम्ही करा, गरज तुमची आहे,’ असे उत्तर त्यास मिळते. हे उत्तर न्याय्य नाही. महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते, मग पाणी एकाच्याच घरात का पडेना. कारण उघड आहे: वरच्या मजल्याचे छत हे साऱ्या इमारतीचे छप्पर आहे. पाण्याला जो न्याय, तो उष्णतेला का नसावा? दोन्ही स्लॅबमधूनच उतरतात. किंबहुना ऊन परतविणारा थर घातल्याने स्लॅबचे रोजचे प्रसरण-आकुंचन कमी होते, आणि गच्चीला भेगा पडण्याचे एक कारणही त्यामुळे दुबळे होते. तेव्हा हा खर्च सामाईक दुरुस्तीतच धरला पाहिजे.

आतापर्यंत विवेचन झाले ते ज्यांच्याकडे यंत्र आहे, निदान घेण्याची ऐपत आहे, अशांचे. परंतु छपराचा प्रश्न खरा बिकट होतो तो पत्र्याखाली. पत्र्याला काँक्रीटचा विलंबही ठाऊक नाही. ऊन पडताच तो तापतो आणि खाली चूल, माणसे व लहान मुले यांच्यावर उष्णता सोडतो. तेथे बिल लहान असते, कारण यंत्रच नसते. त्याची भरपाई शरीर करते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे पुढील अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ साली त्या महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगण राज्याने २०२३ साली शीतल छपरांचे धोरण जाहीर केले. सरकारी व व्यापारी इमारतींना आणि सहाशे चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांना ते बंधनकारक आहे, लहान घरांना ऐच्छिक. नियम म्हणून हे समजण्याजोगे आहे, कारण गरिबावर सक्ती कशी करावी? पण मग जेथे सक्ती करता येत नाही तेथे खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावयास हवा. देशात ‘उजाला’ योजनेखाली २०१५ पासून कोट्यवधी एलईडी दिवे स्वस्तात घरोघरी पोहोचले. एक दिवा पोहोचविता येतो तर चुन्याची एक गोणी आणि एक ब्रश का पोहोचविता येऊ नये?

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यास तर छपराला हात लावण्याचीही परवानगी मागावी लागते, आणि मालकास ती देण्यात रस नसतो. म्हणून हे काम घरमालकाच्या अर्जाची वाट न पाहता प्रभागवार, वस्तीच्या वस्ती एकदम हाती घ्यावे. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते, त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद असते. त्याच अंदाजपत्रकात छपरांच्या सफेदीचा एक ठळक आकडा असावा आणि काम मार्चअखेर संपलेले असावे. गच्ची किंवा पत्रा आधी झाडून व धुवून घ्यावा, चुन्याचे दोन हात द्यावेत, पहिला हात वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. सफेदीचा गुण पावसाळ्यापर्यंत बहुधा टिकतो, आणि उष्म्याचे दिवस तेवढेच असतात.