चित्रात कोण दिसतंय?

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवीन कॅमेऱ्यांचं कोटेशन आलं. दोन मेगापिक्सेल, २५ एफपीएस, आयआर ३० मीटर, डिजिटल झूम... सगळ्यांनी माना डोलावल्या. पूर्वी मीही डोलावली असती.

पण गेल्या हिवाळ्यात आमच्या पार्किंगमधून एक सायकल गेली. रेकॉर्डिंग रात्री अडीचचं. स्वेटर घातलेला, जरा वाकून चालणारा माणूस. "अरे, हे तर आपले वॉचमन मामा!" कोणीतरी म्हणालं आणि मग सगळ्यांनाच ते मामा दिसू लागले. मलाही. झूम केलं तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मामा "साहेब, मी नाही" एवढंच म्हणत राहिले. आठवड्याभरात त्यांना काढलं. मी गप्प बसलो.

नंतर राहवेना, म्हणून त्या शब्दांचे अर्थ शोधत बसलो. या कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत 'दिसणं' या एका शब्दाचे चक्क वेगवेगळे तुकडे केलेत. माणूस उभा आहे तिथे एका मीटरला २५ पिक्सेल मिळाले, तर 'कोणीतरी आहे' एवढंच कळतं. याला डिटेक्ट म्हणायचं. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो, ते रेकग्नाइज. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची, म्हणजे आयडेंटिफाय, तर २५० हवेत.

आता आमचा हिशोब. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. सायकलच्या जागी कॅमेऱ्यात दिसतं २४ मीटर रुंद पार्किंग. करा भागाकार: मीटरला ८०. म्हणजे ओळखीचा माणूस ओळखण्याइतकेही नाहीत! डिजिटल झूम आहेत तेच पिक्सेल मोठे करून दाखवतो, नवे आणत नाही. आणि आयआरच्या उजेडात चित्र काळं-पांढरं येतं, गडद कापडही फिकं दिसू शकतं. म्हणजे स्वेटरचा पुरावाही गेला.

माझं म्हणणं साधं आहे. कोटेशनमध्ये मेगापिक्सेलच्या शेजारी एक ओळ हवी: कुठल्या जागी काय कळेल? कोणीतरी आहे एवढंच, की कोण आहे तेही? परवा मी हेच विचारलं. कॅमेरेवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, "चेहरा हवा तर गेटवर कमी रुंदीचा वेगळा कॅमेरा लागेल." खर्च वाढतोय म्हणून सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. असो.

सायकल मामांनी नेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला ते माहीत नाही. पण आमच्या कॅमेऱ्यालाही माहीत नव्हतं, आणि आम्ही त्याचीच साक्ष काढली.