खान्देशात कन्सोल नव्हतेच?

#थ्रेड १/८
भारतातील व्हिडिओ गेमच्या इतिहासात एक विधान वारंवार आढळते: कन्सोल खऱ्या अर्थाने २००६ नंतर आले आणि तेही महानगरांत. जळगाव-धुळ्याच्या वाट्याला फार तर 'तिथे बाजारपेठच नव्हती' एवढेच येते. हे विधान साफ चुकीचे आहे.

२/८
आधी किंमत पाहू. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला तो १९,९९० रुपयांपासून पुढे. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आला, ३९,९९० रुपयांना. ज्या घराचे वर्ष कापूस आणि केळीच्या भावावर ठरते, त्याने हे आकडे ऐकून पाठ फिरवली, तर ती अरसिकता नव्हे, साधा हिशेब आहे.

३/८
मग त्या घरात खेळ नव्हता काय? होता. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी भारतात विकल्या गेल्या. धुळ्यात माझ्या थोरल्या चुलतभावाकडेही असाच एक डबा होता. त्याला कन्सोल कोणी म्हणत नसे. तो 'टीव्ही गेम' आणि त्यात घालायची ती 'कॅसेट'.

४/८
स्वस्ताई हे अर्धेच कारण. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात. ती सेगाच्या यंत्रात बसत नाही. शेजारच्या मुलाकडे जे यंत्र, तेच आपण घ्यायचे, म्हणजे कॅसेटची अदलाबदल होते. एक कॅसेट विकत घ्यायची आणि चार खेळायच्या! स्थानिक लोकप्रियता ती हीच.

५/८
हे केवळ आपल्याकडचे नाही. रशियात १९९२ पासून 'डेंडी' ही फॅमिकॉमचीच नक्कल घरोघरी पोहोचली. ब्राझीलमध्ये टेकटॉय कंपनीने सेगाची यंत्रे देशातच तयार केली आणि तिथे सेगा रुजला. जगभराचा विजेता प्रत्येक प्रांताचा विजेता नसतो.

६/८
सोनीलाही हे उमगले होते. २००९ मध्ये भारतीय मुलांसाठी काढलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' कोणत्या यंत्रावर आला? दोन वर्षांपूर्वी इथे आलेल्या प्लेस्टेशन ३ वर नव्हे, जुन्या आणि स्वस्त प्लेस्टेशन २ वर.

७/८
आक्षेप येईल: नकली मालाचा कसला इतिहास? नकलांतून निन्टेंडोला दाम मिळाला नाही, हे मान्य. परंतु कंपनीची विक्रीवही हा कंपनीच्या उत्पन्नाचा पुरावा आहे, जिल्ह्याच्या अभिरुचीचा नव्हे. ज्या साधनात आपली नोंदच होऊ शकत नव्हती, त्याच साधनावरून आपण नव्हतोच असे ठरवणे, ही साधनचिकित्सेतील प्राथमिक चूक आहे. अन्य विषयांत आपण ती कोणाला करू देत नाही. इथे का द्यावी?

८/८
कागद नाहीत, पण माणसे आहेत. माळ्यावरचा डबा खाली काढा. नाव, खरेदीचे साल, किंमत, दुकान आणि कॅसेट कोणाशी बदलली, एवढे लिहून ठेवा. जळगावच्या गोलाणी मार्केटात, धुळ्याच्या आग्रा रोडवर जुन्या दुरुस्तीवाल्यांना विचारा. ती पिढी हयात आहे तोवरच हे साधन उपलब्ध आहे. नंतर 'खान्देशात कन्सोल नव्हतेच' हे वाक्य खोडायला पुरावा उरणार नाही.