‘गाइड’ कादंबरी, ‘गाइड’ चित्रपट आणि परीक्षेचे गाइड

विदर्भातील कुठल्याही महाविद्यालयाबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन ‘गाइड आहे का?’ असे विचारून पाहावे. दुकानदार आर. के. नारायण यांची १९५८ सालची कादंबरी काढून देणार नाही. ‘कोणत्या वर्षाचे, कोणत्या विषयाचे?’ एवढेच तो विचारील. इंग्रजी साहित्य आणि चित्रपट यांचा एकत्रित अभ्यास करण्याला नव्या पदवीरचनेत आता जागा मिळू शकते. पण त्या अभ्यासाचे काय होणार, हे बऱ्याच अंशी या दुकानदाराच्या प्रश्नावरून कळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत त्यानुसार नवी पदवीरचना २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आली. मुख्य विषय, उपविषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याच्या अभ्यासपत्रिका अशा खणांत तीन-चार वर्षांची पदवी विभागली गेली. या खणांपैकी एकात ‘साहित्य आणि चित्रपट’ बसवता येतो. कल्पना नवीही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास इंग्रजी विषयासाठी जो नमुना अभ्यासक्रम दिला होता, त्यात या नावाची ऐच्छिक पत्रिका होती. शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ व त्यावरचे चित्रपट, बाप्सी सिधवा यांची ‘आइस कँडी मॅन’ आणि दीपा मेहता यांचा ‘अर्थ’, अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ आणि चंद्रप्रकाश द्विवेदी यांचा त्याच नावाचा चित्रपट, अशा जोड्या त्यात होत्या. जोड्या चांगल्याच आहेत. परंतु त्या दिल्लीत बसून लावलेल्या आहेत, आणि त्या तशाच उचलून अमरावती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवल्या, तर त्याच्या हाती काय लागेल याचा विचार व्हायला हवा.

हा विद्यार्थी कोण? उदाहरणासाठी मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे घेऊ. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. धामणगाव म्हटले की त्याला अमरावती जिल्ह्यातील रेल्वेचे धामणगाव आठवते. हे धामणगाव बुलढाणा जिल्ह्यातले. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जावे लागते आणि रेल्वे गाठायची तर मलकापूर. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यातील अशा गावातून कला शाखेकडे आलेला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात कुठेही शिको, पदवी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचीच मिळते. अनिवार्य इंग्रजीचा धाक त्याने शाळेपासून बाळगलेला असतो. इंग्रजी वाङ्मय हा विषय घेणाऱ्याकडे वर्गातले इतर काहीशा आदराने आणि काहीशा कीव आल्यासारखे पाहतात. चित्रपट मात्र त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. आधी दूरचित्रवाणीवर, आता हातातल्या मोबाइलवर. चित्रपटातील कोणता संवाद खोटा वाटतो, कोणत्या प्रसंगी थिएटर शांत होते, हे त्याला प्राध्यापकाइतकेच कळते. कधी कधी अधिक.

चित्रपट वर्गात आणण्यातला खरा लाभ येथे आहे. इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत सर्व अधिकार शिक्षकाकडे आणि त्याहून अधिक परीक्षेच्या गाइडकडे असतो. पडद्यावर हिंदी किंवा मराठी चित्रपट सुरू झाला की हा अधिकार निदान अर्धा विद्यार्थ्याकडे सरकतो. नेमकी हीच गोष्ट अनेक शिक्षकांना नकोशी वाटते, आणि मग चित्रपट हे ‘कठीण इंग्रजी सोपे करण्याचे साधन’ ठरते. कादंबरी वाचायला जमत नाही, तर चित्रपट पाहा म्हणजे कथानक कळेल. असे झाले की कादंबरीही गेली आणि चित्रपटही गेला. उरते ते कथानक, आणि ते गाइडात आधीपासून छापलेले असतेच.

नारायण यांच्या ‘द गाइड’वरच हे तपासून पाहावे. विजय आनंद यांचा ‘गाइड’ १९६५ चा. ज्याला केवळ कथानक कळून घ्यायचे आहे, त्याची या चित्रपटाने उघड फसवणूक होते, कारण चित्रपटाने महत्त्वाच्या जागा बदलल्या आहेत. कादंबरीत रोझीचे राजूशी संबंध आधी जुळतात, ते कळल्यावर मार्को तिला टाकून निघून जातो. चित्रपटात नवऱ्याचा व्यभिचार तिच्या डोळ्यांना दिसतो आणि ती त्याला सोडते. १९६५ च्या प्रेक्षकाला नायिका निर्दोष हवी होती म्हणून हा बदल झाला, असे म्हणून सहसा विषय संपवला जातो. तो तेथे संपत नाही. कादंबरीत राजूची भूतकाळाची कहाणी राजूच स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि राजू तर बोलण्यावर जगणारा माणूस. रोझी आपल्याला दिसते ती या बोलघेवड्याच्या डोळ्यांनी. कॅमेऱ्याला राजूचे डोळे सक्तीचे नाहीत. वहिदा रहमान यांची रोझी राजूच्या कथनाबाहेर पडून स्वतः रागावते, स्वतः नाचते. म्हणजे नीतीच्या भयाने कथा बदलणाऱ्या चित्रपटानेच त्या बाईला कादंबरीपेक्षा अधिक स्वतंत्र केले, असेही म्हणता येईल. हे मत कोणाला पटणार नाही. वर्गात एका तासाचा वाद मात्र त्यावर सहज होईल.

आणि मग तो शेवट. दुष्काळी गावासाठी उपवास करणारा ढोंगी साधू. कादंबरीत पाऊस आला की नाही, हे नारायण शेवटपर्यंत निश्चित सांगत नाहीत. उपाशी राजूला दूरच्या डोंगरात तो जाणवतो, इतकेच. चित्रपटात पाऊस कोसळतो, रोझी आणि आई तेथे पोहोचतात, राजू मरून संत होतो. नारायण या रूपांतरावर प्रसन्न नव्हते. त्यांनी त्याविषयी पुढे चांगलाच उपहासगर्भ लेख लिहिला. मुंबईतला समीक्षकही बहुधा कादंबरीच्या बाजूने उभा राहील, संदिग्धता ही श्रेष्ठ कला, असे म्हणून. परंतु ज्याच्या घरची पेरणी पावसावाचून मोडली आहे, त्याला पडद्यावरचा तो पाऊस बटबटीत वाटेल की हवाहवासा? आणि तो हवासा वाटला, तर ती रसिकतेतील उणीव की चित्रपटाने अचूक ओळखलेली गोष्ट? कोरडवाहू गावातून आलेला विद्यार्थी या प्रश्नाचे जे उत्तर देईल, ते कोणत्याही गाइडात सापडणार नाही. इंग्रजी लिहिताना तो चुकेल, हे मान्य आहे.

खरे तर महाराष्ट्रात इंग्रजी साहित्य पाहण्याच्या वाटेनेच घरोघरी आले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले ते १८८३ मध्ये. देवलांचा ‘झुंझारराव’ हा ‘ऑथेल्लो’चा अवतार १८९० चा. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागे ‘किंग लिअर’ आहे हे सर्वश्रुत आहे. महेश मांजरेकर यांनी २०१६ साली त्याचा चित्रपट केला. ‘किंग लिअर’, ‘नटसम्राट’ आणि अकिरा कुरोसावा यांचा १९८५ चा ‘रान’ ही तीन नावे एका पत्रिकेत शेजारी ठेवली, तर मराठी विद्यार्थी शेक्सपिअरकडे घरच्या दाराने जाईल. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ चे नाटक तर देशभरच्या इंग्रजी विभागांत इंग्रजी भाषांतरातून शिकवले जाते. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट केला. मूळ मराठी, भाषांतर इंग्रजी आणि चित्रपट, हे तिन्ही ज्याला वाचता-पाहता येते असा विद्यार्थी दिल्लीच्या वर्गात क्वचितच मिळेल. आपल्याकडे तो प्रत्येक बाकावर आहे. शांता निसळ यांची ‘बेघर’ आणि जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी, जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आणि खुद्द कुंडलकरांनीच केलेला चित्रपट, अशा जोड्या अभ्यास मंडळांना शोधाव्याही लागणार नाहीत.

अडचण जोड्यांची नाही, तासांची आहे. श्रेयांकाच्या हिशेबात व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांची पत्रिका व्याख्यानाची धरली, तर सत्रभरात ३० तास मिळतात. ‘गाइड’ तीन तासांचा चित्रपट आहे, ‘नटसम्राट’ पावणेतीन तासांच्या आसपास. चार चित्रपट पूर्ण दाखवले की जवळजवळ १२ तास संपले. उरलेल्या १८ तासांत चार पुस्तके, चित्रभाषेची ओळख आणि चर्चा! शिक्षक साहजिकच चित्रपट ‘घरी मोबाइलवर पाहून या’ असे सांगतो, विद्यार्थी यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा सारांश पाहून येतो, आणि दुकानदाराचे गाइड पुन्हा जिंकते. विज्ञान शाखेत प्रयोगशाळेचे तास वेगळे मोजतात, त्याच न्यायाने चित्रपट पाहण्याचे तास प्रात्यक्षिक म्हणून वेगळे धरले पाहिजेत. हा बदल कागदावर दोन ओळींचा आहे. त्यासाठी प्रोजेक्टर, पांढरी भिंत, बरा आवाज आणि अंधार करता येईल अशी एक खोली लागेल. खिडक्यांना पडदे लावणे हा त्यातला सर्वांत अवघड खर्च ठरतो, असा काहींचा अनुभव असेल.

चित्रपट दाखवला तर कायद्याची अडचण येईल, अशी एक भीतीही प्राचार्यांच्या दालनात ऐकू येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ त्यांनी वाचावे. शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात, प्रेक्षक हे तेथील शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्यापुरतेच मर्यादित असतील, तर चित्रपट दाखवणे हा हक्कभंग मानला जात नाही. तिकीट लावून गावाला बोलावले तर गोष्ट वेगळी.

शिकवणार कोण, हा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग १९९३ पासून आहे. महाराष्ट्रात पुण्याची चित्रपट संस्था १९६० ची, तेथील चित्रपट संग्रहालय १९६४ चे. चित्ररसास्वादाचे शिबिर या दोन संस्थांनी मिळून चालवले. तरीही ही विद्या विद्यापीठांच्या साहित्य विभागांपर्यंत फारशी झिरपली नाही. चित्रपट शिकायचा तर पुण्याला जायचे, कादंबरी शिकायची तर महाविद्यालयात, अशी वाटणी होऊन बसली. पुण्याच्या संस्थेला २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. तेथे आता पदव्या आणि संशोधन होऊ शकेल. राज्यातील इंग्रजीच्या प्राध्यापकांसाठी दरवर्षी उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांचे वर्ग या संस्थेने विद्यापीठांच्या साहाय्याने घ्यावेत, ही मागणी अवाजवी नाही. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त पुस्तकासारखी सामग्री मराठीतच उपलब्ध आहे, शिक्षकाने ती वाचलेली असावी, इतकेच.

या सगळ्यातून नोकरी मिळणार का, हे पालक विचारणारच, आणि त्यांना दटावण्यात अर्थ नाही. ‘कोर्ट’ आणि ‘द डिसायपल’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे हे इंग्रजी साहित्याचे पदवीधर. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी मराठीत एम. ए. केले आणि नंतर अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकले. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्याच काळातला. ही दोन नावे दाखवून धामणगाव बढेच्या मुलाला दिग्दर्शक होण्याचे आमिष दाखवणे मात्र लबाडीचे होईल. त्याला अधिक उपयोगाची ठरतील ती कामे अशी: उपशीर्षके लिहिणे, भाषांतर, संवादलेखन, वृत्तपत्रातील परीक्षण, शाळेतले अध्यापन. ओटीटी माध्यमांमुळे यांतल्या पहिल्या दोन कामांना मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणारी माणसे लागतात.

उरतो प्रश्न परीक्षेचा. ‘कादंबरी आणि चित्रपट यांतील साम्यभेद स्पष्ट करा’ असा प्रश्न सोळा गुणांना आला, की त्याचे तयार उत्तर पुढच्या वर्षीच्या गाइडात येईल. अनिवार्य इंग्रजीत न वाचलेला उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची जुनी पद्धत आहे. तशीच प्रात्यक्षिक परीक्षेत न पाहिलेल्या चित्रपटातील चार मिनिटांची एक चित्रफीत दोनदा दाखवावी, आणि विद्यार्थ्याला विचारावे की कॅमेरा कोणाकडे पाहतो आहे, कोणाकडे पाहणे टाळतो आहे, आणि हेच कादंबरीत लिहायचे तर पहिले वाक्य कोणाचे असेल. उत्तर तुटक्या इंग्रजीत आले तरी तपासणाऱ्याने ते पूर्ण वाचावे.