अळणी भाजी आणि भरवलेला घास

पाचगणी हे गाव इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हवा खाण्यासाठी वसवले. पुढे ते निवासी शाळांचे गाव झाले. संजीवन विद्यालय १९२२ सालचे, काही शाळा त्याहूनही जुन्या. पालकभेटीच्या दिवशी येथे डबे उघडतात आणि अभ्यासाच्या चौकशीआधी प्रश्न येतो, 'जेवतोस ना नीट?' मूल मान डोलावते, तोवर लाडू तोंडात गेलेला असतो. या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर मूल वसतिगृहात येण्याच्या कितीतरी आधी, घरच्या पंगतीत ठरून गेलेले असते, असे मला वाटते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मधील अळणी भाजीचा प्रसंग आपण सारेच शिकवतो. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील तक्रार न करता जेवतात, म्हणून मुलेही जेवतात. आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला चूक उमगते आणि ती हळहळते. वर्गात या प्रसंगाचे तात्पर्य कष्टांची कदर असे सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट घडते. वडील 'खा' म्हणत नाहीत, ते फक्त खातात. मुले उपदेशाने नव्हे, शेजारच्या पानाकडे पाहून शिकतात.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेत एमी गॅलोवे, लीअन बर्च आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना दोन प्रकारचे सूप दिले. एक संपवण्याचा आग्रह केला, दुसऱ्याचा केला नाही. मुलांनी बिनआग्रहाचे सूप अधिक प्यायले आणि आग्रहाच्या सुपाविषयी अधिक कुरकुर केली. बर्च आणि फिशर यांना १९९९ साली असेही आढळले, की एखादा खाऊ नजरेसमोर ठेवून मना केला, तर मुलांचा ओढा त्याच्याकडेच वाढतो. आपण मात्र चिऊकाऊचे घास, 'पानात टाकायचे नाही'चा धाक आणि 'भाजी संपव, मग श्रीखंड'ची लाच या तिन्हींना वात्सल्यच समजतो. लाच देताना भाजी ही शिक्षा आणि श्रीखंड हे बक्षीस, हेही आपण नकळत शिकवत असतो.

तथापि अळणी भाजीकडे भाबडेपणाने पाहू नये. वडील गप्प, म्हणून मुले गप्प. त्यात आदराइतकाच वडीलधाऱ्यांचा दरारा नसेल कशावरून? 'मीठ कमी आहे' असे ज्याला घरात म्हणता येत नाही, त्याला 'पोट भरले' असे तरी म्हणता येईल का? आणि टंचाईच्या घरात 'टाकू नये' हा विवेक होता, हेही विसरता येत नाही. प्रश्न आजच्या भरल्या घराचा आहे. तिथे तोच नियम मुलाला स्वतःच्या भुकेपेक्षा ताटाचे ऐकायला लावतो.

काय वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलावर सोपवावे. वसतिगृहात घंटा जेवणाची वेळ सांगते, भूक सांगत नाही. ती ओळखण्याची सवय मुलाला घरूनच न्यावी लागते, आणि ती डब्यात भरून पाठवता येत नाही.